शटडाऊन केलं, तरी पंखा फिरतोच आहे

नमस्कार श्रोतेहो.

ग्रामपंचायतीत, पतपेढीत, शाळेच्या संगणक खोलीत, आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवणाऱ्या बागायतदाराच्या पडवीत, सगळीकडे ही तक्रार ऐकू येते. संध्याकाळी शटडाऊन केलं, स्क्रीन काळी झाली, पण सीपीयूचा पंखा फिरतोच आहे आणि समोरचा दिवा जळतोच आहे. थोडा वेळ वाट बघून माणूस भिंतीवरचं बटण बंद करतो आणि घरची वाट धरतो. आज या दुखण्याबद्दल बोलायचं आहे. त्याचा इलाज बहुतेक वेळा पैसे न घालता होतो, आणि ते भिंतीवरचं बटण रोज दाबत राहिलं तर एक दिवस हिशेबाची फाईलच उघडत नाही.

विंडोज 95 च्या काळात शटडाऊन केल्यावर स्क्रीनवर सूचना यायची, की आता संगणक बंद करायला हरकत नाही. मग आपण हातानं बटण दाबायचो आणि वीज तुटायची. 1995 मध्ये इंटेलनं एटीएक्स नावाची संगणकाच्या आतल्या भागांची रचना आणली आणि हे काम मदरबोर्डकडे, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डकडे गेलं. मदरबोर्ड एका हिरव्या तारेतून पॉवर सप्लायला, म्हणजे आत वीज पुरवणाऱ्या डब्याला इशारा देतो आणि सप्लाय बंद होतो. मदरबोर्डला हे सांगायचं कसं, याचे नियम 1996 च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून ठरवले. त्या नियमांचं नाव एसीपीआय. म्हणजे आधी विंडोज प्रोग्रॅम बंद करतं, मग डिस्कवर उरलेलं लिहितं, मग ड्रायव्हर, म्हणजे उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्रॅम, आपापली उपकरणं झोपवतात आणि शेवटी सप्लायला इशारा जातो. संगणक यातल्या नेमक्या कुठल्या पायरीवर अडतो, ते आधी बघायचं.

‘शटिंग डाऊन’ ही अक्षरं दिसतच राहिली, तर एखादा प्रोग्रॅम किंवा जोडलेलं उपकरण सोडत नाहीये. प्रिंटर, बाहेरची हार्ड डिस्क, आधारचं थंब मशीन, सगळ्यांच्या यूएसबी तारा काढून एकदा शटडाऊन करा. नीट बंद झाला, तर एकेक तार परत लावत जा. दोषी लगेच सापडतो.

स्क्रीन काळी होऊन पंखा मात्र फिरत राहिला, तर पहिला संशय फास्ट स्टार्टअपवर घ्या. 2012 मध्ये आलेल्या विंडोज 8 पासून ही सोय आहे. हिच्यामुळे शटडाऊन करताना विंडोज पूर्ण मिटत नाही. आपला गाभा डिस्कवरच्या एका फाईलमध्ये साठवून ठेवतं, म्हणून सकाळी लवकर उघडतं. सोय चांगली आहे, पण जुना मदरबोर्ड किंवा जुना ड्रायव्हर असला की तिथेच अडकतो. तपासणं अगदी सोपं आहे. कीबोर्डवरची शिफ्ट की दाबून ठेवा आणि तशीच ठेवून शटडाऊनवर क्लिक करा. असं केलं की तेवढ्या वेळेपुरता पूर्ण शटडाऊन होतो. आता पंखा थांबला, तर चोर सापडला.

मग कागद घ्या आणि लिहून ठेवा. कंट्रोल पॅनेल उघडा, त्यात पॉवर ऑप्शन्स. डाव्या बाजूला ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ अशी ओळ आहे, तिच्यावर क्लिक करा. वरच्या बाजूला ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ दिसेल, तेही दाबा. आता खाली ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ समोरची खूण काढा आणि सेव्ह करा. संगणक उघडायला थोडा वेळ जास्त लागेल. माझ्या मते तो लागू द्यावा.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर चिपसेटचे, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांचे ड्रायव्हर बघायचे. इंटेलच्या संगणकात मॅनेजमेंट इंजिन नावाचा एक ड्रायव्हर असतो आणि तो मदरबोर्डशी जुळला नाही की नेमकं हेच होतं. ड्रायव्हर घ्यायचा तो संगणक किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साईटवरून, आपलं मॉडेल बघून. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ म्हणणारे फुकटचे प्रोग्रॅम कृपा करून घालू नका.

काही संगणक बंद होतात आणि आपोआप परत चालू होतात. बंद होताना ड्रायव्हर कोसळला, तर विंडोज स्वतःच रीस्टार्ट घेतं. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड, त्यात स्टार्टअप अँड रिकव्हरी, आणि तिथली ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ ही खूण काढा. मग निळी स्क्रीन थांबून राहील आणि तिच्यावर काय लिहिलंय ते वाचता येईल.

आपल्याकडे याचं आणखी एक कारण असतं, ते म्हणजे लाईट. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणारा मदरबोर्डचा स्वतःचा प्रोग्रॅम. त्यात एक सेटिंग असतं, गेलेली वीज परत आल्यावर संगणकानं काय करायचं याचं. ते ‘पॉवर ऑन’वर असेल, तर रात्री दोन वाजता लाईट आली की रिकाम्या ऑफिसात संगणक चालू. जूनमध्ये लाईट येते, जाते, पुन्हा येते, तेव्हा त्या मशीनचे काय हाल होत असतील! 3 जून 2020 ला निसर्ग वादळ येऊन गेल्यावर दापोली-मंडणगडकडच्या गावांनी तर आठवडेच्या आठवडे लाईटची वाट पाहिली. हे सेटिंग ‘पॉवर ऑफ’वरच ठेवा. घड्याळ रोज चुकीची तारीख दाखवत असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर 2032 हा गोल सेल संपलाय. तो बदला, नाहीतर बायोसचं सेटिंग टिकणार नाही.

खाऱ्या हवेत पुढचं बटणही गंजतं आणि आतल्या आत चिकटतं. संगणक कारण नसताना चालू होत असेल, तर प्लग काढून डबा उघडा, मदरबोर्डवर पॉवर बटणाची दोन पिनांची तार असते ती काढा आणि तिच्या जागी रीसेट बटणाची तार लावा. आता रीसेटच्या बटणानं चालू करायचं. त्रास थांबला, तर फक्त बटण बदलायचं आहे.

ढग गडगडू लागलेत आणि संगणक बंदच होत नाही, अशा वेळी काय करायचं? फाईल सेव्ह झालेली असेल, तर समोरचं पॉवर बटण मनात दहा आकडे मोजेपर्यंत दाबून ठेवा. पंखा थांबला की मग प्लग काढा, आणि मोडेमला येणारी तारही काढा. संगणक बंद दिसत असला, तरी सप्लायमधून पाच व्होल्टची एक लाईन मदरबोर्डला चालूच असते, आणि वीज पडली की झटका प्लगमधून आत येतो. यूपीएस असला तरी प्लग काढाच.

आणि एवढं सगळं करूनही पंखा थांबला नाही, तर मेकॅनिककडे गेल्यावर आधी दुसरा चांगला पॉवर सप्लाय जोडून बघायला सांगा. मदरबोर्ड बदलायचा की नाही, ते त्यानंतर ठरवा. नमस्कार.