झेलमकाठची रात्र

श्रोतेहो, प्रभूच्या नावाने आपणा सर्वांना सलाम. कुणी इस्पितळाच्या बाकावर बसून हे ऐकत असाल. कुणी नोकरी सुटल्याचं अजून आईला सांगितलं नसेल. आज मी तुमच्याशीच बोलणार आहे.

पंडिता रमाबाईंची एक गोष्ट सांगतो. आधी ऐकली असेल, तरी पुन्हा ऐका. मला स्वतःला ती पुन्हा पुन्हा लागते.

1870 च्या दशकातला दुष्काळ. रमानं अजून विशीही गाठली नव्हती. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीणही. आईला खांदा द्यायला माणसं मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले. तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमा. ठेंगणी पोर, खांदा पुरेना, म्हणून तिनं तिरडीचं टोक डोक्यावर घेतलं. स्मशान तीन मैल लांब.

मग दोघं भावंडं चालत सुटली. हजारो मैल, पायी. कधी भिजवलेलं मूठभर धान्य आणि मीठ, कधी तेही नाही. चालत चालत पंजाबात झेलम नदीच्या काठी पोचली. थंडी मरणाची, अंगावर धड कपडा नाही, डोक्यावर छप्पर नाही. काय केलं त्यांनी? वाळूत दोन खड्डे खणले, थडग्यासारखे. दोघं त्यांत आडवी झाली आणि गळ्यापर्यंत कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली. श्रोतेहो, क्षणभर डोळे मिटा. अंधार, नदी, आणि वाळूतून वर दिसणारी दोन डोकी. त्या रात्री रमाला येशू ठाऊक नव्हता. पण येशूला रमा ठाऊक होती. पुन्हा सांगतो, येशूला रमा ठाऊक होती.

हीच रमा पुढे हिब्रू-ग्रीक शिकली आणि बायकांना समजेल अशा सोप्या मराठीत तिनं पवित्र शास्त्र आणलं. आणि आज आपल्या मंडळीतल्या मुलांना देवनागरीतला एक अध्याय न अडखळता वाचता येत नाही, गाणीसुद्धा पडद्यावर रोमन अक्षरांत लागतात. मला हे फार सलतं. घरी रोज एक अध्याय मोठ्यानं वाचून घ्या हो त्यांच्याकडून.

तर, पुढे 1880 मध्ये भाऊ गेला. 1882 मध्ये नवरा गेला, मांडीवर तान्ही मनोरमा. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा. आणि 1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई तिकडे धावल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं, तिथं त्यांचं मुक्ती सदन उभं राहिलं. उपाशी पोटाची ओळख त्यांना कुणी करून द्यावी लागली नाही. बायबलातल्या योसेफालाही भावांनी खड्ड्यातच टाकलं होतं, आणि दुष्काळात त्याच भावांना त्यानंच धान्य दिलं.

मात्र तिरडी उचलायच्या आधीच 'देवाची इच्छा' म्हणून मोकळे होणाऱ्यांचा मला राग येतो. आपला मित्र लाजर मेला, त्याला जिवंत उठवण्याआधी त्याच्या कबरेपाशी प्रभू येशू आधी रडला. आधी रडला, श्रोतेहो. तुम्हीही रडा.

1921 मध्ये मनोरमाही गेली. भाषांतराचं काम चालूच होतं. पुढच्या एप्रिलात डोळे मिटेपर्यंत रमाबाई ते करत राहिल्या.

आता जिथं असाल तिथं माझ्याबरोबर प्रार्थना करा. हे पित्या, आज रात्री जे कुणी वाळूत गळ्यापर्यंत रुतून थंडी काढत आहेत, त्यांना तू ओळखतोस. सकाळपर्यंत त्यांच्याजवळ बस. येशूच्या नावाने मागतो, आमेन.