ल्होनाक फुटले त्या रात्री

[दृश्य: उपग्रह प्रतिमा]

उत्तर सिक्कीममधले दक्षिण ल्होनाक सरोवर, उंची सुमारे 5200 मीटर. हिमनदी मागे सरली, तिच्या जागी पाणी साठत गेले. हे पाणी अडवतो तो हिमोढ, म्हणजे हिमनदीनेच लोटून आणलेला दगडमातीचा ढीग. त्याला घट्ट धरून ठेवते आतले कायम गोठलेले पाणी. ते वितळू लागले की उतार सुटतात.

3 ऑक्टोबर 2023, रात्री दहाच्या सुमारास उत्तर काठाचा सुमारे दीड कोटी घनमीटर भाग सरोवरात कोसळला. उसळलेल्या लाटेने तोंडाचा बांध फोडला. पाच कोटी घनमीटर पाणी तिस्ता नदीच्या खोऱ्यात उतरले. आपल्या भाषेत पावणेदोन टीएमसी, खडकवासल्याच्या साठ्याहून थोडेच कमी.

धोका ठाऊक होता. 2016 मध्ये तीन पाइप टाकून सायफनने पाणी काढले, सेकंदाला दीडशे लिटर. म्हणजे दिवसाला तेरा हजार घनमीटर. या वेगाने पाच कोटी काढायला दहा वर्षे पुरली नसती, तीही वरून थेंबभर भर पडली नाही तर. शिवाय या उंचीवर हवेचा दाब निम्मा, त्यामुळे सायफन पाणी जितके वर चढवू शकतो ती उंचीही निम्मीच.

[दृश्य: चुंगथांग]

तिस्ता-3 जलविद्युत प्रकल्प, 1200 मेगावॉट. धरण 60 मीटर उंच, दगडी भरावाचे, पुढून काँक्रीटचा थर. अशा धरणावरून पाणी गेले की भराव मागच्या बाजूने धुपतो, म्हणून दरवाजे वेळेत उघडावेच लागतात. ते उघडले गेले नाहीत. धरण गेले आणि त्यामागचा साठाही पुरात मिसळला.

खाली बारदांगला सैन्याची 41 वाहने गाळात गाडली गेली, 23 जवान बेपत्ता झाले. एकच जिवंत सापडला. दारूगोळा वाहत पश्चिम बंगालपर्यंत गेला. तिथे जलपाईगुडी जिल्ह्यात गोळा फुटून नागरिकांचे जीव गेले.

राष्ट्रीय महामार्ग 10 तिस्तेला खेटून जातो. सिलिगुडीहून सिक्कीमच्या चीन सीमेकडची बरीचशी रसद त्याच रस्त्याने जाते. तो जागोजागी खचला, नदीच्या वरच्या भागातले पूल गेले, लाचेन आणि लाचुंग ही उत्तरेकडची गावे तुटली. सीमेपलीकडून एक गोळीही सुटली नव्हती.

सरोवरावर पाणीपातळीचा मापक, त्याचा इशारा थेट धरणाच्या नियंत्रण कक्षात आणि छावणीत, दरवाजे उघडण्याचा अधिकार रात्रपाळीच्या अभियंत्याकडे: एवढी साखळी तरी हवी. यातली एक कडी तुटली की बाकीच्यांचा उपयोग नाही.

जानेवारी 2025 मध्ये पर्यावरण मंत्रालयाच्या तज्ज्ञ समितीने धरण पुन्हा बांधायची शिफारस केली. या वेळी काँक्रीटचे, जवळपास दुप्पट उंच, चुंगथांगलाच.