फाटकाबाहेरचा आमदार

7 सप्टेंबर 2000. उत्तर वेल्समधल्या सेंट असाफचा गुरांचा बाजार. संध्याकाळी इथे शेतकरी जमलेत, पण आज सौदा कुठल्याच जनावराचा नाही. सभा उठते आणि गाड्या घराकडे न वळता इंग्लंडच्या हद्दीकडे निघतात, इंधन महागलं म्हणून चेशरमधल्या स्टॅनलो तेलशुद्धीकरण कारखान्याचं फाटक अडवायला. फाटकावर उभं राहून पत्रकारांशी बोलणारा, धिप्पाड देहाचा आणि वेल्श वळणाचं इंग्रजी बोलणारा हा माणूस म्हणजे ब्रिन्ले विल्यम्स.

गाव किल्केन, मोएल वामाउ डोंगराच्या पायथ्याशी. घरी मेंढ्या आणि गुरं. जीव मात्र घोड्यांत. वेल्श पोनी आणि कॉब जातीच्या घोड्यांची पैदास करणारे आणि प्रदर्शनात त्यांची पारख करणारे परीक्षक, हीच त्यांची पंचक्रोशीतली ओळख. राजकारण त्यात कुठेच नव्हतं.

मग हा माणूस फाटकावर कसा आला?

ब्रिटनमध्ये तेव्हा पेट्रोल लिटरला 80 पेन्सच्या आसपास होतं, आणि त्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग कराचा. कुणी म्हणेल, ट्रॅक्टरला तर सवलतीचं लाल डिझेल मिळतं, मग शेतकऱ्याची तक्रार काय? प्रश्न रास्त आहे. पण हा राग एकट्या डिझेलचा नव्हता. गाईंच्या मेंदूच्या रोगामुळे 1996 मध्ये ब्रिटिश बीफच्या निर्यातीवर बंदी आली. पौंड वधारला, मेंढीचे भाव पडले. 1997 च्या हिवाळ्यात वेल्सच्या शेतकऱ्यांनी होलिहेड बंदरात आयर्लंडहून आलेले बर्गर समुद्रात फेकले होते. त्यात डिझेल महागलं. दुष्काळात तेरावा महिना!

स्टॅनलोच्या फाटकावर माणसं तशी मूठभरच होती. पण टँकरचालक गाड्या बाहेर काढेनात, आणि देशभर एकेक डेपो थंडावत गेला. पंपांवर रांगा लागल्या, दुकानांत पावासाठी झुंबड उडाली. 11 सप्टेंबरला राणीने आणीबाणीच्या अधिकारांच्या आदेशावर सही केली. रुग्णालयांना झळ पोचू लागली तसं लोकमत फिरण्याची चिन्हं दिसू लागली. 14 तारखेला स्टॅनलोची माणसं सरकारला 60 दिवसांची मुदत देऊन घरी गेली. माझ्या मते या आंदोलनातली सर्वांत शहाणी गोष्ट हीच. नोव्हेंबरात अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनी इंधनावरचा कर गोठवला.

पुढचं वर्ष लाळ्या-खुरकुताचं. वेल्समध्ये कळपच्या कळप मारावे लागले.

1 मे 2003. वेल्सच्या विधानसभेची दुसरी निवडणूक. कॉन्झर्वेटिव्ह पक्षाचे ब्रिन्ले क्लुइड वेस्टमध्ये उभे राहिले आणि हरले. अंतर पाचशे मतांचंही नव्हतं. पण या सभागृहात दोन वाटांनी जाता येत असे: 60 पैकी 40 जागा मतदारसंघांच्या, 20 प्रादेशिक याद्यांच्या, म्हणजे पक्षाला मिळालेल्या मतांनुसार त्याच्या यादीतून भरायच्या. उत्तर वेल्सच्या यादीतल्या चार जागांपैकी एक त्यांना मिळाली. 2007 मध्येही ते यादीतूनच निवडून आले.

किल्केन ते कार्डिफ, म्हणजे विधानसभा भरते ती वेल्सची राजधानी, हा गाडीने चारेक तासांचा रस्ता. तेलासाठी भांडलेल्या माणसाच्या नशिबी हाच प्रवास आला, याची गंमत त्यांनाही वाटली असावी.

सभागृहात मात्र फाटकासारखं आठवड्यात काही हलत नाही. ते पक्षाचे ग्रामीण विषयांचे प्रवक्ते झाले. समोर ग्रामीण खात्याच्या मंत्री एलिन जोन्स, प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाच्या, त्याही शेतकऱ्याच्याच घरच्या. गुरांचा क्षयरोग पसरवतात म्हणून जंगली बिज्जू मारावेत का, यावर मंत्री आणि कॉन्झर्वेटिव्ह पक्ष चक्क एका बाजूला होते. 2010 मध्ये अपील न्यायालयाने बिज्जू मारण्याची सरकारी मोहीम अडवली. डोंगराळ शेतीचं जुनं अनुदान, तिर मनिद, बंद करून ग्लासतिर ही पर्यावरणाशी जोडलेली योजना आणायचं ठरलं. डोंगरउतारावर मेंढ्या राखणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. असल्या विषयांवर कॅमेरे येत नाहीत. कलमं, अटी, हेक्टरचा हिशेब. पण मेंढीवाल्याचं वर्ष याच कागदांवर ठरतं.

1 एप्रिल 2011 रोजी, निवडणूक महिन्याभरावर आलेली असताना, ब्रिन्ले विल्यम्स वारले. वय 62.

मे महिन्यात उत्तर वेल्सच्या यादीतून त्यांच्या पक्षाच्या अँटोनेट सँडबाख निवडून आल्या. त्याही मेंढ्या पाळणाऱ्या. 2024 च्या कायद्याने आता सभागृह 96 जणांचं केलं आहे, 16 मतदारसंघ, प्रत्येकी सहा सदस्य. उत्तर वेल्सची ती चार जागांची यादी त्यात राहिलेली नाही.