तिसऱ्या दिवसाचं रक्त

(दृश्य: मे महिना, सकाळ. नागपूरची धंतोली. आयसीयूबाहेरची बाकं.)

धंतोलीत आयसीयूबाहेरच्या बाकांवर जागा मिळणं कठीणच. कोणी काटोलचं, कोणी उमरेडचं, कोणी पार छिंदवाड्याहून आलेलं. पायाशी पाण्याची कॅन, डब्याची पिशवी, उन्हाचा दुपट्टा घडी करून उशाला. काचेचं दार हललं की सगळे उठतात. "शुद्धीवर येतील ना जी?"

आतल्या माणसाचं हृदय परवा बंद पडलं होतं. छाती दाबून, शॉक देऊन सुरू झालं. ठोके आता नीट आहेत, बीपी ठीक आहे. माणूस मात्र डोळे उघडत नाही.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन खातो २० टक्क्यांच्या आसपास. हृदय थांबलं की पहिला उपाशी तोच. पेशी मरतात आणि त्यांच्यातली प्रथिनं रक्तात उतरतात. त्यातलं एक एनएसई, म्हणजे न्यूरॉन-स्पेसिफिक इनोलेज. म्हणून २४, ४८ आणि ७२ तासांनी रक्त काढायचं. आकडा उतरत गेला तर बरं. चढत गेला तर डॉक्टर बोलायचे कमी होतात.

(दृश्य: रक्त फिरवून वेगळं करणारं सेंट्रिफ्यूज थांबतं. ट्यूब उजेडात धरलेली.)

हे सीरम बघा, रक्त गोठल्यावर वर उरलेलं पाणी. फिकट पिवळं आहे, ठीक. गुलाबी झाक असती तर पंचाईत होती. नावात न्यूरॉन, म्हणजे मेंदूची पेशी, असलं तरी एनएसई लाल पेशींतही असतं. सुई लावताना किंवा ट्यूब नेताना त्या फुटल्या की आकडा वाढतो, आणि मेंदूचा त्यात काही दोष नसतो. एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर असं ट्यूब कशी हाताळली यावर अडतं.

युरोपच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत वाईट खुणेची सीमा आहे ४८ किंवा ७२ तासांनी लिटरमागे ६० मायक्रोग्रॅमच्या वर. पण एकट्या आकड्यावर निकाल नाही. डोळ्यांच्या बाहुल्या उजेडाला आकसतात का, ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख, काय म्हणतो, सीटीत मेंदू सुजलाय का... यातल्या निदान दोन वाईट खुणा जुळाव्या लागतात, आणि झोपेच्या औषधांचा अंमलही उतरलेला हवा. आकडा बघून उपचार आवरते घेतले आणि माणूस गेला, तर आकडा खरा होता की आपण खरा केला, हे कळायला मार्ग उरत नाही.

न्यूरोफिलामेंट लाइट हे दुसरं प्रथिन २०१९ च्या एका अभ्यासात एनएसईपेक्षा नेमकं ठरलं, तेही २४ तासांतच. मोजायची यंत्रं मात्र अजून सगळीकडे नाहीत.

बाकावरच्यांना दुसराच आकडा पाठ आहे, बिलाचा. तो रोज चढतो.

(दृश्य: दार उघडतं. सिस्टरच्या हातात ट्यूब.)

"काय निघालं जी?"

"आत्ताच तर काढलं, काका. लॅबला जाऊ द्या. बसा तुम्ही, चहा घेतला का?"