दुर्बिणीआधीचा अर्धा तास

मंडळी, नमस्कार.

पत्रिकेवर आजचा विषय छापलाय, ‘शाळकरी मुलांना आकाश कसं दाखवावं’. त्यावर बोलणार आहेच. उद्या तुमच्यापैकी कुणालाही आपल्या शाळेत करता येईल अशी पद्धत सांगायची कबूल करून मी इथे आलेय. पण त्याआधी मला विजेच्या खांबाबद्दल बोलू द्या. इतकी वर्षं हे काम करतेय, त्यात ढगांनी जेवढ्या रात्री बुडवल्या त्याहून जास्त दिव्यांनी बुडवल्यात.

आम्ही सात-आठ जण आहोत. कुणी बँकेत आहे, कुणाचं औषधांचं दुकान आहे, एक जण शिकवण्या घेतो, मी निवृत्त आहे. खगोलशास्त्राची पदवी आमच्यात एकाकडेही नाही. हिवाळ्यात अमावास्येच्या आसपासचा शनिवार धरून इंदूरच्या एखाद्या शाळेत दुर्बिणी घेऊन जातो. पैसे घेत नाही. एकच अट असते आणि ती आधी लेखी कळवतो : सात ते नऊ मैदानातले दिवे बंद हवेत.

तर २५ जानेवारी २०२५, शनिवार. तुम्हाला आठवत असेल, त्या महिन्यात वर्तमानपत्रांतून ‘ग्रहांची परेड’ खूप गाजत होती. ग्रह काही त्या महिन्यापुरते रांगेत उभे राहिले नव्हते. सगळेच सूर्याभोवती जवळजवळ एका पातळीत फिरतात, त्यामुळे आकाशात ते नेहमीच एका ओळीच्या आसपास दिसतात. पण संध्याकाळ खरंच भाग्याची होती. पश्चिमेला झगझगीत शुक्र, त्याच्या खाली शनी, वर रोहिणीजवळ गुरू आणि पूर्वेला पुनर्वसूच्या शेजारी लालसर मंगळ, नुकताच १६ तारखेला प्रतियुतीतून, म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूच्या जागेतून, गेलेला. एकाच संध्याकाळी चार ग्रह! शाळा बायपासकडची. नाव घेत नाही, कारण हेच गाऱ्हाणं मला आणखी दहा शाळांबद्दल सांगता येईल. पाचवी ते सातवीची एकशे वीस मुलं, स्वेटर, कानटोप्या, डब्यात पराठे. कुणाच्या तरी वडिलांनी गरम गराडूची, म्हणजे तळलेल्या कंदाची, परात आणली होती, वर लिंबू आणि जिरावन मसाला. थंडीच्या दिवसांत आपल्या माळव्यात पाहुण्याचा याहून मोठा सत्कार नाही.

आणि मैदानाच्या कोपऱ्यात तो हायमास्ट. उंच खांब आणि त्यावर पांढऱ्याधोप दिव्यांचं कडं. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन, म्हणून व्यासपीठावर झालरी सोडलेल्या, त्याही लखलखत होत्या. मी मोठ्या सरांना म्हटलं, आपलं पत्र झालं होतं. ते म्हणाले, मॅडम, झालर काढतो, पण तो खांब टायमरवर आहे. टायमर पॅनेलमध्ये, पॅनेलला कुलूप, किल्ली ठेकेदाराकडे आणि ठेकेदार देवासला लग्नात. संक्रांत उलटली की मुहूर्त सुरू होतात, त्यात त्याचा काय दोष? ठेकेदाराचा फोन लागेना. सात वाजले, साडेसात वाजले. शनी त्या दिवशी नऊच्या सुमारास मावळणार होता आणि पश्चिमेला चिंचेचं झाड होतं. मी एकदा घड्याळाकडे बघत होते, एकदा झाडाकडे. पलीकडच्या मॅरेज गार्डनमधून एक शक्तिमान झोत आकाशात गोल गोल फिरायला लागला आणि मुलं टाळ्या वाजवून म्हणाली, “मॅडम, वो देखो!” त्यांना वाटलं, हाच कार्यक्रम.

मंडळी, त्या क्षणी मला खरंच रडू आलं. ही मुलं दहा-बारा वर्षांची आहेत. रात्री ती ट्यूशनहून घरी येतात, गच्चीवर खेळतात, उन्हाळ्यात वर झोपतातही. म्हणजे आकाशाखाली ती कितीतरी वेळ असतात. पण अंधारात ती आयुष्यात एकदाही बसलेली नाहीत. माझ्या लहानपणी अहिल्योत्सवाची, म्हणजे अहिल्याबाई होळकरांच्या पुण्यतिथीची, पालखी बघून राजवाड्याकडून घरी परतताना गल्लीच्या तोंडाशी मृग नक्षत्र दिसायचं, असं मी सांगितलं तर ती माझ्याकडे परीकथा ऐकल्यासारखी बघतात. (कुणी तरी हात वर केलाय. हो, बरोबर, अहिल्योत्सव श्रावण-भाद्रपदात असतो, तेव्हा मृग संध्याकाळी नसतो. दोन आठवणी एकत्र झाल्या. मृग दिसायचा तो शिवरात्रीच्या सुमाराला. धन्यवाद.)

शेवटी शाळेचे चौकीदार काका पुढे आले. साठीचे असतील, गाव शाजापूरकडचं. म्हणाले, “मैडम, खंबा छोड़ो, टंकी के पीछे चलो.” शाळेच्या मागे पाण्याची उंच टाकी होती आणि तिची रुंद सावली परसावर पडलेली होती. आम्ही एकशे वीस मुलं, सतरंज्या आणि दोन दुर्बिणी असा सगळा बाडबिस्तरा तिकडे हलवला. आठ इंची आरशाची डॉब्सोनियन दुर्बीण म्हणजे बंब उचलण्यासारखंच. मुलं सावलीत बसली. तेवढ्यात ठेकेदाराचा फोन लागला, त्याने कुणाला तरी जादा किल्ली कुठे आहे ते सांगितलं आणि आठ वाजून दहा मिनिटांनी खट्‌कन खांब विझला.

आधी एकशे वीस किंकाळ्या. मग हशा. मग, साधारण मिनिटभराने, काहीच आवाज नाही. चौकीदार काका माझ्या शेजारी उभे होते. मृगातल्या तीन ताऱ्यांकडे बोट करून, माझ्याकडे न बघता म्हणाले, “ये तो हिरनी है. बीस साल बाद दिखी.” वीस वर्षं हा माणूस रात्रीची नोकरी करतोय, मंडळी. रात्रभर उघड्यावर, त्याच खांबाखाली.

दिवा विझला आणि लगेच तारे दिसले, असं होत नाही, आणि हेच मला तुम्हाला सांगायचं आहे. बुबुळाचं छिद्र काही सेकंदांत मोठं होतं, मुलांच्यात तर सात मिलिमीटरपर्यंत. पण खरं काम डोळ्याच्या आतल्या पडद्यातल्या रंगद्रव्याचं. उजेडात ते विरून जातं आणि अंधारात पुन्हा तयार व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. ‘अ’ जीवनसत्त्व त्यालाच लागतं, म्हणून ते कमी पडलं की रातांधळेपणा येतो. आणि एका मुलाने खिशातून मोबाइल काढून वेळ बघितली की त्याची वीस मिनिटं वाया, शेजारच्या चौघांचीही. अंधाराला वेळ द्यावा लागतो. दुर्बीण नंतर.

आता दुसरी गोष्ट. ही दुसऱ्या एका शाळेतली, बरीच जुनी.

दुर्बिणीपाशी रांग लागते तेव्हा आपण सगळे एकच प्रश्न विचारतो, “दिसलं का?” मीही वर्षानुवर्षं तेच विचारलं. आणि मूल म्हणतं, “दिसलं!” मागे पन्नास जण ढकलतायत, पुढे बाई उभ्या आहेत, ते दुसरं काय म्हणणार? कितीतरी मुलांना स्वतःच्या पापण्या दिसतात. काही जण चुकीचा डोळा मिटतात. काही जण नळीला धरतात, ती हलते आणि ग्रह निघून जातो. थंडीत श्वासाने आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, वाफ धरते. सगळी म्हणतात, दिसलं.

त्या दिवशी गुरू लावला होता. वर्गात बाईंनी आधी चार चंद्र शिकवले होते : आयो, युरोपा, गॅनिमिड, कॅलिस्टो. रांगेतून एकेक मूल येत होतं आणि सांगत होतं, चार दिसले, चार दिसले. एक मुलगा आला, किडकिडीत, मफलर डोक्यावरून बांधलेला. स्टुलावर चढला, बराच वेळ बघितलं, उतरला. म्हणाला, “तीन.” बाई म्हणाल्या, नीट बघ. तो पुन्हा चढला. मागची मुलं कुरकुरायला लागली. उतरला. “तीनच आहेत.” बाईंचा आवाज चढला, “पुस्तकात किती आहेत?” तो गप्प. डोळ्यांत पाणी, पण चार म्हणाला नाही.

मी आयपीसला डोळा लावला. तीनच होते. चौथा गुरूच्या मागे गेलेला होता.

साधारण चाळीस मिनिटांनी तो गुरूच्या कडेपाशी पुन्हा उगवला, सुईच्या टोकाएवढा. त्या मुलाला मी सर्वांत आधी बोलावलं. त्याच्याआधी सत्तर-पंचाहत्तर मुलांनी चार पाहिले होते, जे तिथे नव्हतेच. ती मुलं खोटारडी नव्हती. त्यांना आम्ही प्रश्नच असा विचारला होता.

आणि गंमत ऐका. ७ जानेवारी १६१० या दिवशी गॅलिलिओने गुरूकडे पहिल्यांदा दुर्बीण वळवली तेव्हा त्यालाही तीनच ठिपके दिसले होते. त्याने तीनच काढले. चौथा त्याच्या नोंदीत आला १३ तारखेला. तो मफलरवाला मुलगा त्या पंगतीत बसतो, आणि आपण त्याला पुस्तक काढून दाखवत होतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं उरलीत. म्हणजे पद्धत सात मिनिटांत. लिहून घ्यायचं असेल तर घ्या.

पहिला अर्धा तास दुर्बिणीवर कापड. मुलं सतरंजीवर पाठीवर निजलेली, मोबाइल शिक्षकांकडे जमा, बॅटरीला पतंगाचा लाल कागद बांधलेला, कारण मंद लाल उजेडाने डोळ्यांचं फारसं नुकसान होत नाही. पहिल्या पाच मिनिटांत एकच काम : मृगाच्या चार कोपऱ्यांच्या आत किती तारे दिसतात ते मोजायचं आणि आकडा कुणाला न सांगता कागदावर लिहायचा. अर्ध्या तासाच्या शेवटी पुन्हा तेच मोजायचं. आकडा वाढतो. का वाढला, हे मुलंच विचारतात, तेव्हा रंगद्रव्याचं सांगा, आधी सांगू नका. टाकीमागे त्या रात्री एक मुलगी दोनदा मोजून माझ्याकडे आली, कागद माझ्या नाकाला लागेल इतका जवळ धरून, “पाच के ग्यारह हो गए.”

मधल्या वेळात शर्मिष्ठा या तारकासमूहावरून ध्रुव शोधायचा आणि हात लांब करून क्षितिजापासून मुठी मोजायच्या. एक मूठ म्हणजे सुमारे दहा अंश. इंदुरात ध्रुव दोन मुठी आणि वर दोन बोटं, कारण आपले अक्षांश साधारण पावणेतेवीस. ग्वाल्हेरच्या मावसभावाला फोन करून विचारायला सांगा, तिथे अडीच मुठींहून जास्त येतात. मग व्याधाचा तारा दाखवा. त्याचा प्रकाश निघून साडेआठ वर्षं झाली. तिसरी-चौथीतल्या मुलांना हे सांगितलं की ती आपापलं वय मोजू लागतात. उज्जैन आपल्यापासून पंचावन्न किलोमीटरवर आहे. तिथली सवाई जयसिंगांची वेधशाळा मुलांना एकदा आवर्जून दाखवा : शंकुयंत्र, सम्राटयंत्र, नाडीवलय, आणि एकाही यंत्रात भिंग नाही. उघड्या डोळ्यांनी, भिंतींनी आणि सावल्यांनी केवढं मोजता येतं हे तिथे कळतं.

आता दुर्बीण. हिशेब करा : एकशे वीस मुलं, प्रत्येकी तीस सेकंद, एका दुर्बिणीवर एक तास झाला. चार ग्रह दाखवायला गेलात तर मध्यरात्र होईल. म्हणून एका दुर्बिणीला एकच गोष्ट लावा. शाळा म्हणते, शनी तर दाखवाच. मी आता हट्ट धरत नाही. त्या जानेवारीत शनीचं कडं इतकं कडेवर आलं होतं (मार्चमध्ये ते जवळजवळ दिसेनासंच होणार होतं), की एक मुलगा म्हणाला, “गुलाबजामुन में सींक घुसी है.” याहून अचूक वर्णन मी वाचलेलं नाही.

मूल स्टुलावर चढलं की तुमचा हात दुर्बिणीवरून काढा. दहा मिलिमीटरच्या आयपीसमधून, शंभराहून अधिक पटीने, गुरू दोन मिनिटांच्या आत एका कडेकडून दुसऱ्या कडेला सरकत जातो आणि निघून जातो. आपण सारखे तो मध्ये आणून ठेवतो. नका आणू. काही मुलांना तरी तो जाऊ द्या, म्हणजे ती विचारतील, कोण हललं? आणि नळी ढकलून त्याला परत शोधू द्या, सापडायला वेळ लागला तरी.

शेवटचं. मुलाला खाली उतरल्यावर आधी रिकाम्या वर्तुळाचा कागद द्या, चित्र काढायला लावा, आणि मग विचारा, “काय दिसलं?” काहीच दिसलं नाही असं म्हणालं तर त्याला पुन्हा रांगेत, सर्वांत पुढे. तीन म्हणालं तर तीन लिहून घ्या. शिक्षकांना आधीच विनंती करून ठेवा की या रात्री कुणालाही चूक म्हणायचं नाही.

झालं, वेळ संपली. वर गच्चीवर आठ इंची दुर्बीण लावून ठेवली आहे. या इमारतीचे चौकीदार दादा मघाशीच भेटले, गच्चीवरचे आणि जिन्यातले दिवे त्यांनी विझवलेत, किल्ली त्यांच्याचकडे आहे. वर गेल्यावर लगेच दुर्बिणीपाशी गर्दी करू नका, सतरंजी अंथरली आहे. मोबाइल इथेच टेबलावर ठेवा आणि जिन्यात कठडा धरून या. सतरा पायऱ्या आहेत.