दानीएलची खिडकी आणि दाखल्यांची खिडकी

(तरुण संघाच्या मेळाव्यातलं भाषण, थोडं संपादित करून)

पाळकसाहेब, वडीलधारी मंडळी आणि तरुण मित्रांनो,

विषय दिलाय 'सरकारी नोकरी आणि ख्रिस्ती विश्वास'. समोर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी बरीच मुलं दिसतायत, म्हणून बायबलमधल्या दानीएलपासून सुरुवात करतो. त्याच्या पुस्तकाचा सहावा अध्याय तुम्हाला पाठ आहे. दारयावेश राजा, १२० प्रांताधिकारी, त्यांच्यावर तिघे अध्यक्ष, त्यातला एक दानीएल. माडीवरच्या खोलीच्या खिडक्या यरुशलेमेकडे उघड्या आणि दिवसातून तीनदा गुडघे टेकून प्रार्थना. राजाशिवाय कुणाकडे मागणं करायचं नाही, असा हुकूम वैऱ्यांनी राजाकडून काढवला, तरी त्यानं प्रार्थना सोडली नाही, म्हणून त्याला सिंहांच्या गुहेत टाकलं. ती गुहा आपण संडे स्कूलपासून रंगवत आलोय. मला त्या खिडकीबद्दल बोलायचंय. पण आधी खंडेनवमीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

नायब तहसीलदार झालो त्याच वर्षीची. तहसीलदारसाहेब रजेवर, चार्ज माझ्याकडे. सकाळपासून कचेरी धुऊन निघालेली. दारावर झेंडू आणि आंब्याचे डहाळे. रेकॉर्डची दप्तरं झटकून लाल फडक्यात नव्यानं बांधलेली, टाइपरायटर आणि शिक्के एका टेबलावर मांडलेले, जीप हार घालून दारात उभी. अव्वल कारकून ताट घेऊन आले. हळद, कुंकू, नारळ. म्हणाले, "साहेब, मान तुमचा."

पंधरा-वीस जण बघत होते. कुणाच्या मनात काही वाकडं नव्हतं. ते खरोखर मान देत होते, आणि म्हणूनच अवघड होतं. धमकी असती तर 'नाही' म्हणणं सोपं गेलं असतं.

मी ड्रायव्हरमामांकडे वळलो. म्हटलं, "मामा, वर्षभर गाडी तुमच्या हातात असते, नारळ तुम्ही फोडा. मी ख्रिस्ती माणूस, पूजा माझ्या हातून होणार नाही. पण मी इथंच तुमच्या शेजारी उभा राहणार." मामांनी नारळ फोडला. आरती संपेपर्यंत मी चपला काढून उभा होतो आणि मनात एकेकाचं नाव घेऊन त्याच्या घरादारासाठी प्रार्थना करत होतो. नंतर प्रसाद वाटताना मामा माझ्याजवळ आले. हातात कागदाची पुडी, त्यात बुंदी. हळूच म्हणाले, "साहेब, ही ताटात नव्हती ठेवली. दुकानातून वेगळी आणलीय." देवापुढे ठेवलेला नैवेद्य मी खाणार नाही, हे त्यांना कुणी शिकवलं होतं? त्या नाताळला आमच्याकडे फराळाला सगळ्यात आधी मामाच आले, आणि नातवासाठी करंज्या बांधून घेऊन गेले.

कचेरीत कुणी चकार शब्द काढला नाही. शब्द आला तो आपल्यातूनच. पुढच्या रविवारी उपासनेनंतर एकानं सगळ्यांसमोर विचारलं, "तू तिथं उभा तरी का राहिलास?" नाव सांगत नाही, पण ते लागलं. अजून लागतं. ज्यांच्याबरोबर दुष्काळात टँकरच्या याद्या केल्या, रात्री-अपरात्री पंचनाम्याला गेलो, त्यांच्या सणाला मी पाठ फिरवायची? आपला प्रभू जक्कयाच्या घरी मुक्कामाला गेला. आणि जक्कय कोण? जकातदारांचा मुख्य. म्हणजे आमच्या महसूल खात्यातलाच माणूस!

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं राहिलीत. गायनमंडळी तयार बसलीय. भरभर सांगतो.

दानीएलच्या वैऱ्यांनी आधी त्याच्या कारभारात दोष शोधला. सापडला नाही, तेव्हा ते त्याच्या देवापर्यंत पोचले. हा क्रम ध्यानात ठेवा. आपल्या तहसिलीतही एक खिडकी असते, दाखल्यांची. तिथं एका दाखल्यासाठी चार खेपा घालायला लावणारा घरी कितीही वेळा गुडघे टेको, रांगेतल्या बाईला तो दानीएल वाटणार नाही.

बायबलमधलाच नहेम्या यहूदात १२ वर्षं प्रांताधिपती होता, पण अधिपतीचा भत्ता त्यानं खाल्ला नाही. आधीचे अधिपती लोकांकडून अन्न, द्राक्षारस आणि वर ४० शेकेल (त्या काळचं वजन) रुपं, म्हणजे चांदी, घेत. आपल्या देशातही अशी माणसं झाली. संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी पुढे पश्चिम बंगालचे राज्यपाल झाले. आयुष्याची शिल्लक त्यांनी कलकत्ता विद्यापीठाला दिली. पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांनी सिमल्याचं राहतं घर एम्सला देऊन टाकलं. दोघंही ख्रिस्ती.

कलम २५ नं मला धर्माचं स्वातंत्र्य दिलं, तेच खिडकीपलीकडच्या माणसालाही दिलं. म्हणून खुर्चीवरून उपदेश करायचा नाही. त्याचं काम अडलेलं असतं, तो 'नको' म्हणू शकत नाही.

आता शेवटचं, सगळ्यात जड. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती झालेला दलित आजही बाहेर आहे. हा अन्याय आहे आणि तो आपण उघडपणे मांडला पाहिजे. पण त्यापायी आपल्या कितीतरी घरांत मुलाचं घरी एक नाव आणि कागदावर दुसरं. दानीएलची खिडकी उघडी होती. आपल्या पोरांना अर्जातल्या धर्माच्या रकान्यापाशी ती लावून घ्यावी लागते. त्यांना दगड मारू नका, त्यांच्या आईबापांनी उपाशीपोटी तो निर्णय घेतलाय. तरीही नोकरीचा पहिलाच कागद खोटा असला, तर पुढच्या कागदांवर हात थरथरायचा थांबतो. मी दाखल्यांच्या टेबलावर बसून हे जवळून पाहिलंय.

ज्यांना याबद्दल बोलायचंय, त्यांनी गाणी झाल्यावर मागच्या खोलीत या. अर्ज बरोबर आणा. आईवडील येत असतील तर त्यांनाही आणा. मी थांबतो.