पीठही ग्लुकोजचे, कापूसही ग्लुकोजचा

[दृश्य: गडद पार्श्वभूमी. दिव्याच्या ज्योतीवर तिरकी धरलेली परीक्षानळी.]

कोरड्या परीक्षानळीत चिमूटभर साखर घालून ती मंद आचेवर धरली, की पुढच्या काही मिनिटांत जे घडते ते शांतपणे पाहण्यासारखे असते. दाणे आधी कडेने वितळतात, मग पाक पिवळसर, तांबूस, तपकिरी होत जातो, त्याला फेस येतो आणि अखेरीस तळाशी काळाभोर, सच्छिद्र कोळसा उरतो. आपली नजर तळाकडे लागलेली असताना नळीच्या तोंडाशी, जिथे काच अजून थंड आहे तिथे, पाण्याचे बारीक थेंब जमू लागलेले असतात. साखर कोरडी होती, नळीही कोरडी होती. तरीही पाणी निघाले आणि मागे कोळसा राहिला.

साखरेच्या कुळाचे ‘कर्बोदक’ हे नाव याच निरीक्षणाशी जुळते. कर्ब म्हणजे कार्बन आणि उदक म्हणजे पाणी. एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञांनी निरनिराळ्या शर्करांचे पृथक्करण केले, तेव्हा कार्बनबरोबर हायड्रोजन आणि ऑक्सिजन नेमके पाण्यातल्याच, म्हणजे दोनास एक या प्रमाणात सापडत गेले. ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. कागदावर तो कार्बनचे सहा अणू आणि पाण्याचे सहा रेणू यांची बेरीज दिसतो.

मात्र हे नाव जेवढे सांगते, त्याहून अधिक झाकून ठेवते. शर्करेच्या रेणूत पाणी पाणी म्हणून कोठेच नसते. असतात ते कार्बनच्या साखळीला जागोजागी जोडलेले हायड्रोजनचे अणू आणि हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या जोड्या. शिवाय प्रमाणाचा हा नियम दोन्ही बाजूंनी फसतो. व्हिनेगरमधील ॲसिटिक आम्ल हे प्रमाण तंतोतंत पाळते, पण ते कर्बोदक नाही. उलट आपल्या डीएनएचा कणा ज्या शर्करेवर उभा आहे, त्या डीऑक्सिरायबोजमध्ये ऑक्सिजनचा एक अणू कमी असल्याने ती या प्रमाणात बसत नाही, तरीही ती निःसंशय कर्बोदक आहे. कोणते अणू किती आहेत, एवढ्यावर कर्बोदकांचा स्वभाव कळत नाही. ते कोणत्या दिशेला तोंड करून बसले आहेत, हे पाहावे लागते.

[दृश्य: लाकडी गोळ्यांनी बनवलेली ग्लुकोजची प्रतिकृती, हळूहळू फिरणारी.]

ग्लुकोजची उघडी साखळी आपण उभी धरली, तर तिच्या एका टोकाला अल्डिहाइड गट (दुहेरी बंधाने ऑक्सिजन आणि शिवाय एक हायड्रोजन जोडलेला कार्बन) आहे आणि मधल्या चार कार्बन अणूंवर प्रत्येकी एक हायड्रॉक्सिल गट आहे. प्रत्येक ठिकाणी तो डावीकडे असू शकतो किंवा उजवीकडे. चार जागा आणि प्रत्येकी दोन शक्यता, म्हणजे एकूण सोळा वेगवेगळे रेणू. सूत्र एकच, अणूंची जोडणीही एकच, पण त्यांतला एकच ग्लुकोज आहे आणि दुसरा एक त्याची आरशातील प्रतिमा. हे सोळा रेणू एकमेकांपासून ओळखायचे कसे, हा प्रश्न जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी हाती घेतला, तेव्हा रेणूंचे छायाचित्र घेणारे कोणतेही उपकरण अस्तित्वात नव्हते.

त्यांच्याजवळ होते ते फेनिलहायड्राझिन हे त्यांनीच १८७५ मध्ये शोधलेले संयुग. शर्करा शुद्ध स्फटिकरूपात मिळवणे अतिशय अवघड असते, कारण त्या चिकट पाकाच्या स्वरूपातच अडून राहतात; परंतु फेनिलहायड्राझिनबरोबर तापवल्यावर त्यांपासून पिवळे, सुईसारखे, सहज ओळखता येणारे स्फटिक खाली बसतात. ग्लुकोज, मॅनोज आणि फ्रुक्टोज या तिन्ही शर्करांपासून अगदी सारखेच स्फटिक मिळतात, हे लक्षात आल्यावर फिशर यांनी त्यातून अर्थ काढला: ही प्रक्रिया साखळीतील पहिल्या दोन कार्बनांवरच होते, तेव्हा उरलेल्या भागाची मांडणी तिघांतही एकच असली पाहिजे. अशा एकेका धाग्याला दुसरा धागा जोडत १८९१ मध्ये त्यांनी ग्लुकोजच्या चारही गटांच्या दिशा निश्चित केल्या. मला हे रसायनशास्त्राच्या इतिहासातील अत्यंत देखणे तर्ककर्म वाटते. १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. फेनिलहायड्राझिनच्या विषारीपणाचा त्रासही त्यांना दीर्घकाळ सोसावा लागला.

एक गोष्ट मात्र त्यांना गृहीत धरावी लागली. खरा ग्लुकोज आणि त्याची आरशातील प्रतिमा यांपैकी कागदावर कोणता काढायचा, हे ठरवण्याचा मार्ग त्या काळी नव्हता, म्हणून त्यांनी दोहोंतील एक निवडला. साठ वर्षांनी, १९५१ मध्ये, नेदरलँड्समधील योहानेस बायफूट यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवून दिले की ती निवड बरोबर होती.

पाण्यात विरघळलेला ग्लुकोज बहुतेक वेळ उघड्या साखळीच्या रूपात राहतच नाही. साखळी वळते, पाचव्या कार्बनवरील ऑक्सिजन पहिल्या कार्बनला जाऊन भिडतो आणि सहा अणूंचे वलय तयार होते. हे घडताना पहिल्या कार्बनवर एक नवा हायड्रॉक्सिल गट निर्माण होतो. तो वलयाच्या खालच्या बाजूला राहिला तर त्या रूपाला अल्फा म्हणतात, वरच्या बाजूला राहिला तर बीटा. पाण्यात ही दोन रूपे सतत एकमेकांत बदलत असतात आणि अखेरीस सुमारे ३६ टक्के अल्फा व ६४ टक्के बीटा असा समतोल साधला जातो. परंतु एक वलय दुसऱ्या वलयाला जोडले गेले, की ही अदलाबदल थांबते आणि त्या जोडाची दिशा कायमची ठरून जाते.

[दृश्य: भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवलेली स्टार्चची पांढरी पूड आणि कापसाचा पुंजका.]

आपल्यासमोर ठेवलेल्या या दोन पांढऱ्या पदार्थांत याचा परिणाम उघड दिसतो. दोन्ही ग्लुकोजचे आहेत आणि दोन्हींत पहिला कार्बन पुढच्या वलयाच्या चौथ्या कार्बनला जोडलेला आहे. स्टार्चमध्ये हा जोड अल्फा आहे, कापसातील सेल्युलोजमध्ये बीटा.

अल्फा जोडामुळे प्रत्येक वलय आधीच्या वलयाशी किंचित कोन करून बसते, त्यामुळे साखळी वळत जाते आणि जिन्यासारखी मळसूत्री गुंडाळी तयार होते. तिच्या एका फेऱ्यात साधारणपणे सहा ग्लुकोज मावतात. बीटा जोडात मात्र प्रत्येक पुढचे वलय आधीच्याच्या तुलनेत पालथे बसते. असे एकाआड एक उलटे होत गेल्याने साखळी सरळ, चपटी राहते आणि शेजारच्या साखळ्यांना हायड्रोजन बंधांनी इतकी घट्ट बिलगते, की त्या जुडीत पाण्याला शिरकाव उरत नाही. म्हणून स्टार्च गरम पाण्यात फुगून त्याची खळ होते, तर कापूस कितीही उकळला तरी कापूसच राहतो.

[दृश्य: ड्रॉपरमधून पडणारा आयोडीनचा थेंब.]

स्टार्चच्या पातळ खळीत आयोडीनच्या द्रावणाचा एक थेंब टाकला, की क्षणात गडद निळा रंग उमटतो, कारण आयोडीनचे अणू त्या गुंडाळीच्या पोकळीत ओळीने जाऊन बसतात. हीच नळी तापवली तर गुंडाळी सैल होते आणि रंग नाहीसा होतो. थंड होऊ दिली तर तो पुन्हा परततो. कापसावर तोच थेंब टाकला तर पिवळट डाग पडतो, निळा रंग येत नाही. आता निळ्या खळीत थोडी लाळ मिसळून ती कोमट ठेवली, तर काही वेळाने निळा रंग फिका होत जातो आणि या वेळी परत येत नाही. लाळेतील अमायलेज या विकराने, म्हणजे एन्झाइमने, गुंडाळीचे तुकडे केलेले असतात. हा विकर अल्फा जोड ओळखतो, बीटा जोड त्याच्या खाचेत बसत नाही. आणि सेल्युलोजमधील हा बीटा जोड तोडणारा विकर आपले शरीर बनवत नाही. गवतावर जगणारे रवंथ करणारे प्राणीसुद्धा हे काम स्वतः करत नाहीत, त्यांच्या पोटातील सूक्ष्मजीव करतात. एका बंधाच्या दिशेमुळे पृथ्वीवरील सर्वांत विपुल सेंद्रिय बहुवारिक (पॉलिमर) आपल्यासाठी अन्न न राहता लाकूड, कागद आणि वस्त्र झाले आहे. न पचणारा हा तंतुमय भाग आतडे चालते ठेवतो, आणि अशा काही तंतूंवर मोठ्या आतड्यातील जिवाणू आपला निर्वाह करतात.

प्राण्यांच्या शरीरातील ग्लुकोजचा साठा कोठे असतो, हे उलगडले फ्रान्समध्ये. शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी नुकत्याच मेलेल्या प्राण्याचे यकृत रक्तवाहिन्यांतून पाणी सोडून इतके धुतले, की त्यातून बाहेर येणाऱ्या पाण्यात साखरेचा मागमूस उरला नाही. आणि दुसऱ्या दिवशी त्याच यकृतात पुन्हा भरपूर साखर आढळली. म्हणजे यकृतात साखर बनवणारा एखादा पदार्थ शिल्लक होता. १८५७ मध्ये त्यांनी तो वेगळा काढला आणि त्याला ग्लायकोजेन असे नाव दिले.

ग्लायकोजेन हाही अल्फा जोडांचाच, पण झाडासारखा दाट फांद्यांचा. दर आठ ते बारा ग्लुकोजनंतर त्याला नवी फांदी फुटते, त्यामुळे मोकळी टोके पुष्कळ असतात आणि गरज पडताच अनेक टोकांवरून एकाच वेळी ग्लुकोज सुटा करता येतो. आता प्रश्न असा, की ग्लुकोज हवाच असेल तर तो सुटाच का साठवू नये? यकृताच्या पेशीतील सगळा ग्लायकोजेन विरघळलेल्या ग्लुकोजच्या रूपात असता, तर त्याची संहती (द्रावणातील प्रमाण) रक्तातील ग्लुकोजच्या सुमारे ऐंशी पट झाली असती. तेवढ्या परासरण दाबाने पाणी आत ओढले जाऊन पेशी फुटली असती. हजारो ग्लुकोज एका रेणूत गुंफले, की पाण्याच्या दृष्टीने तो एकच कण ठरतो. यकृतात असा साठा साधारण १०० ग्रॅम असतो. स्नायूंत तो याहून बराच अधिक असतो. परंतु ग्लुकोजला पेशीत अडकवून ठेवणारा फॉस्फेट गट काढून टाकणारा विकर स्नायूंजवळ नसल्यामुळे तो त्यांना स्वतःपुरताच वापरता येतो. रक्तात एका वेळी फिरणारा ग्लुकोज अवघा चार-पाच ग्रॅम असतो आणि प्रौढ माणसाच्या मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम लागतो. या दोन आकड्यांमधील दरी यकृत रात्रंदिवस भरून काढत असते.

रक्तातील ग्लुकोज नुसता वाहून जात नाही. उघड्या साखळीच्या रूपात आलेला एखादा रेणू आपल्या अल्डिहाइड गटाने हिमोग्लोबिनला चिकटतो आणि तिथेच राहतो. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून अशा साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण मोजून गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगता येते. ही तपासणी परिचयाची आहे; पण तिच्या मुळाशी वलय उघडण्याची ती क्षणभराची घटना आहे, हे सहसा सांगितले जात नाही.

[दृश्य: पेशीचा पृष्ठभाग. त्यावर उगवलेल्या झुडपांसारख्या शर्करांच्या साखळ्या.]

ऊर्जा आणि आधार यांपलीकडे शर्करांचे आणखी एक काम आहे, आणि माझ्या मते ते सर्वांत कमी सांगितले जाते. आपल्या पेशींच्या बाहेरच्या बाजूला प्रथिने आणि मेद यांना जोडलेल्या शर्करांच्या छोट्या साखळ्यांचे दाट आवरण असते. त्या पेशीची ओळख म्हणून वाचल्या जातात. फ्लूचा विषाणू पेशीत शिरताना सायलिक आम्ल या शर्करेलाच पकडतो. पक्ष्यांमधील विषाणू सामान्यतः शेजारच्या शर्करेच्या तिसऱ्या कार्बनकडे जोडलेले सायलिक आम्ल पसंत करतात, तर माणसांमध्ये पसरणारे विषाणू सहाव्या कार्बनकडे जोडलेले. पक्ष्यांतील फ्लू माणसांत सहजासहजी पसरत नाही, याचे एक कारण हा जोड आहे.

[दृश्य: काचपट्टीवर रक्ताचे दोन थेंब. प्रत्येकात एकेक प्रतिद्रव, म्हणजे ठरावीक रक्तगटाची शर्करा ओळखून पेशी एकमेकींना चिकटवणारा द्राव, मिसळला जातो.]

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये वर्णन केलेले रक्तगटही याच आवरणात लिहिलेले आहेत. ओ गटाच्या पेशीवरील साखळी जिथे संपते, तिथे ए आणि बी गटांत एक शर्करा अधिक जोडलेली असते. बी गटात ती गॅलॅक्टोज असते, तर ए गटात त्याच गॅलॅक्टोजच्या दुसऱ्या कार्बनवर हायड्रॉक्सिलऐवजी ॲसिटिल-अमिनो गट बसलेला असतो. बाकी साखळी सारखीच. तरीही काचपट्टीवरील पहिल्या थेंबात आता दाणे धरू लागले आहेत, पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या होत आहेत, आणि शेजारचा थेंब तसाच एकसारखा, लाल, पातळ आहे.